तहवाद्यांचा पक्ष

आयर्लंडचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. लोकमान्यांच्या काळापासून आपल्याकडे त्या देशाचा उल्लेख घरच्या माणसासारखा होत आला आहे. 'होमरूल' हा शब्दच आपण तिकडून घेतला. तात्यासाहेब केळकरांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला. १९१६ च्या ईस्टरमध्ये डब्लिनला झालेल्या बंडाच्या हकीकती आमच्या आधीच्या पिढ्यांनी भक्तिभावाने वाचल्या. पण आपली ही ओळख १९२१ पाशी येऊन थांबते. इंग्रज गेला आणि गोष्ट संपली, अशी आपली समजूत. वास्तविक परक्याशी लढणे निराळे आणि लढून मिळवलेले राज्य चालवणे निराळे. आज मी ज्या पक्षाविषयी बोलणार आहे, तो या दुसऱ्या कामातून जन्माला आला.

त्या पक्षाचे नाव 'फिना गेल'. इंग्रजी स्पेलिंगवरून आपली वर्तमानपत्रे 'फाइन गेल' असे छापतात. अर्थ 'गेल लोकांचे कुल'. युरोपातले लोक त्याला मध्यापासून थोडा उजवीकडे झुकलेला पक्ष म्हणतात. मोठे शेतकरी, व्यापारी, वकील, डॉक्टर ही त्याची जुनी हक्काची माणसे. मी कामगार चळवळीतला. माझे वाचन झाले ते शाळेत कमी आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे उभे राहून जास्त. जेम्स कॉनली या कामगार पुढाऱ्याच्या ओढीने मी आयर्लंडकडे वळलो आणि वाचता वाचता या पक्षापाशी अडकलो. आमच्या एका सहकाऱ्याने विचारलेही, की मालकधार्जिण्या पक्षाचा इतिहास कामगाराने कशाला वाचायचा? मी त्याला म्हटले, टेबलाच्या पलीकडे कोण बसले आहे ते न ओळखता वाटाघाटीला बसतो, त्याची काय गत होते ते तू दोनदा पाहिले आहेस.

तर आता मूळ गोष्टीकडे येऊ.

१९१३ साली डब्लिनच्या मालकांनी टाळेबंदी केली. जिम लार्किनची युनियन सोडल्याचे लिहून द्या, नाहीतर घरी बसा, असा तो प्रकार होता. वीस हजारांवर कामगार महिनोन्महिने उपाशी राहिले आणि १९१४ च्या आरंभी हार खाऊन कामावर गेले. त्याच लढ्यातला कॉनली १९१६ च्या बंडात उतरला. तो जखमी होता, उभेही राहवत नव्हते, म्हणून इंग्रजांनी त्याला खुर्चीवर बसवून १२ मे रोजी गोळ्या घातल्या. पुढे १९१८ च्या निवडणुकीत सिन फेन या राष्ट्रवादी पक्षाला वाट मोकळी राहावी म्हणून मजूर पक्षाने एकही उमेदवार उभा केला नाही. सिन फेनने १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या, लंडनला जाण्याचे नाकारले आणि जानेवारी १९१९ मध्ये डब्लिनलाच आपले विधिमंडळ भरवले. त्याला 'डॉल' म्हणतात. त्या पहिल्या बैठकीत जो लोकशाही कार्यक्रम जाहीर झाला, त्याचा पहिला मसुदा मजूर पुढारी टॉमस जॉन्सन याने केला होता. राष्ट्रवाद्यांनी तो बराच पातळ करून मगच वाचला, ही गोष्ट वेगळी.

अडीच वर्षे झुंज झाली. मग ६ डिसेंबर १९२१ च्या पहाटे लंडनमध्ये तह झाला. २६ परगण्यांना वसाहतीच्या दर्जाचे स्वराज्य मिळाले. उत्तरेचे ६ परगणे इंग्रजांकडे राहिले. डॉलच्या सभासदाने इंग्लंडच्या राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यायची, असेही एक कलम त्यात होते. आर्थर ग्रिफिथ व मायकेल कॉलिन्स यांनी सही केली. कॉलिन्सचे म्हणणे असे, की हे अंतिम स्वातंत्र्य नव्हे, पण स्वातंत्र्याकडे जाण्याची मोकळीक यात आहे. डी व्हॅलेराने तह अमान्य केला. ७ जानेवारी १९२२ रोजी डॉलने ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह स्वीकारला. सात मतांचा फरक! या सात मतांवर त्या देशाचे राजकारण पुढे शंभर वर्षे उभे राहिले. तहाला 'हो' म्हणणाऱ्यांचा जो गट, त्यातून आपला आजचा पक्ष निघाला.

संप मिटवून आलेल्या पुढाऱ्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. मागितले असते शंभर, हाती आलेले असतात साठ. द्वारसभेत कोणीतरी ओरडतो, 'विकला गेला!' कधी कधी तो ओरडणारा बरोबरही असतो. परंतु साठावर सही न केल्यास उद्या काय, याचे उत्तर ओरडणाऱ्याला द्यावे लागत नाही, सही करणाऱ्याला द्यावे लागते.

जून १९२२ मध्ये निवडणूक झाली. तहाच्या बाजूचे ५८ आले, विरोधी ३६ आले आणि मजूर पक्षाने अवघे १८ उमेदवार उभे करून १७ निवडून आणले. लोकांचा कौल उघड होता. पण त्याच महिन्याच्या २८ तारखेला डब्लिनच्या न्यायालयाच्या इमारतीत ठाण मांडून बसलेल्या तहविरोधकांवर कॉलिन्सच्या सैन्याने इंग्रजांकडून घेतलेल्या तोफा डागल्या आणि यादवी पेटली. ऑगस्टच्या १२ तारखेला ग्रिफिथ वारला. २२ ला कॉलिन्स आपल्याच कॉर्क परगण्यात गोळी लागून पडला. राज्य पडले विल्यम कॉसग्रेव्ह या शांत, बारीक अंगाच्या गृहस्थाच्या अंगावर.

या सरकारची पहिली हातघाई कोणाशी झाली, ते पाहण्यासारखे आहे. नवे डॉल ९ सप्टेंबरला भरले आणि दुसऱ्याच दिवशी टपाल कामगार संपावर गेले. महागाईच्या भत्त्यात कपात झाली होती. सरकारने जाहीर केले, की सरकारी नोकराला संपाचा हक्कच नाही. निदर्शनाला उभ्या असलेल्या टपालवाल्यांना हटवण्यासाठी सैनिक पाठवले. टपालखात्याचा मंत्री जे. जे. वॉल्श हा स्वतः तारखात्यात नोकरी केलेला, आणि १९१६ मध्ये डब्लिनच्या मोठ्या टपालकचेरीत बंदूक घेऊन लढलेला! सुमारे तीन आठवड्यांनी संप मोडला. 'आपल्या' सरकारविरुद्धचा हा पहिला मोठा संप. परक्याचे सरकार गेले म्हणजे काय बदलते आणि काय बदलत नाही, हे त्या टपालवाल्यांना इतर आयरिश लोकांच्या आधी कळले.

यादवीतली कठोरता तर अंगावर काटा आणणारी आहे. ७ डिसेंबर १९२२ रोजी शॉन हेल्स या सरकारपक्षाच्या सभासदाचा खून झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुरुंगातल्या चार तहविरोधकांना खटल्यावाचून गोळ्या घातल्या. हे चौघे उन्हाळ्यापासून कैदेत होते. त्या खुनात त्यांचा हात असणे शक्यच नव्हते. त्यांतला एक रोरी ओ'कॉनर. मंत्रिमंडळातला केव्हिन ओ'हिगिन्स याच्या लग्नात वर्षापूर्वी हाच रोरी करवला म्हणून शेजारी उभा होता. ओ'हिगिन्सने मान्यता देण्यास सर्वांत अधिक वेळ घेतला, पण शेवटी दिली. एकंदर ७७ माणसांना या सरकारने अशी मृत्युदंडाची शिक्षा दिली. फेब्रुवारी १९२३ मध्ये विरोधकांनी ओ'हिगिन्सच्या वडिलांना ठार केले, आणि जुलै १९२७ मध्ये प्रार्थनेला जाताना खुद्द त्याला. कोणाच्या बाजूने हिशेब मांडावा?

मे १९२३ मध्ये यादवी थांबली. त्याच्या किंचित आधी, एप्रिलमध्ये, तहवाद्यांनी आपल्या पक्षाला रूप दिले होते. नाव 'कुमन ना गेल', म्हणजे गेल लोकांचा संघ. म्हणजे इथे सरकार आधी आणि पक्ष मागून! या पक्षाला गावोगाव शाखा बांधण्याची, सभासद जमवण्याची हौस नव्हती. हे काम कारकुनी समजून त्यांनी टाळले आणि त्याची किंमत पुढे भोगली.

दहा वर्षांत त्यांनी केले काय? एक तर नि:शस्त्र पोलीसदल उभे केले. देशात घरोघर बंदुका असताना हातात काठी दिलेला शिपाई खेड्यात पाठवणे, हे धाडसच. शॅनन नदीवर आर्डनाक्रुशा येथे विजेचे मोठे केंद्र १९२५ साली जर्मन कंपनीकडून बांधायला घेतले. १९२९ मध्ये ते सुरू झाले. वीज मात्र खाजगी भांडवलदाराला न देता १९२७ मध्ये सरकारी मंडळ स्थापून त्याकडे सोपवली. उजव्या पक्षाने केलेले हे काम आपल्याकडच्या समाजवाद्यांनी करण्यासारखे. पण त्याच शॅननच्या बांधकामावर मजुराला आठवड्याचे ३२ शिलिंग देऊ केले आणि युनियनचे म्हणणे झिडकारले. १९२४ मध्ये अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद याने म्हाताऱ्यांच्या दहा शिलिंगांच्या पेन्शनीतून एक शिलिंग कापला. अंदाजपत्रक जुळले. तो एक शिलिंग मात्र आयरिश माणूस पुढच्या कैक निवडणुकांत विसरला नाही.

याच काळात मजूर पक्ष डॉलमध्ये विरोधी बाकांवर जवळजवळ एकटा होता, कारण डी व्हॅलेराची माणसे शपथ घ्यायला नकार देऊन बाहेर बसली होती. विरोधी पक्ष म्हणजे काय, हे त्या देशाला टॉमस जॉन्सनने शिकवले. ओ'हिगिन्सच्या खुनानंतर कॉसग्रेव्हने कायदाच असा केला, की शपथ घेण्याचे कबूल केल्याशिवाय उमेदवारी नाही. तेव्हा ऑगस्ट १९२७ मध्ये डी व्हॅलेरा आपला नवा 'फियाना फॉल' पक्ष घेऊन आत आला. शपथ म्हणजे पोकळ शब्द, असे म्हणत त्याने सही केली. लगेच जॉन्सनने अविश्वासाचा ठराव आणला. हिशेबाप्रमाणे सरकार पडून जॉन्सन राज्यावर यायचा. पण स्लायगोचे जॉन जिंक्स नावाचे एक सभासद ऐन मतदानाला गैरहजर! ७१ विरुद्ध ७१ अशी बरोबरी झाली आणि अध्यक्षांच्या मताने कॉसग्रेव्ह वाचले. त्या दिवशी जिंक्स कोठे होते याच्या गमतीच्या कथा आयर्लंडमध्ये आजही सांगतात. मजूर पक्षाच्या हातून मात्र पंतप्रधानपद गेले ते आजतागायत परत आलेले नाही.

आता १९३२. निवडणुकीपूर्वी कॉसग्रेव्ह सरकारने शिक्षकांचे व पोलिसांचे पगार कापले, लष्करी न्यायासने नेमली, लाल क्रांतीचा बागुलबुवा उभा केला. लोक कंटाळले होते. फियाना फॉलला ७२ जागा मिळाल्या, कुमन ना गेलला ५७. मजूर पक्षाच्या सात सभासदांनी डी व्हॅलेराला पाठिंबा दिला. प्रश्न असा होता, की ज्यांनी नऊ वर्षांपूर्वी ७७ माणसे गोळीने उडवली, ते त्याच माणसांच्या मित्रांच्या हाती सैन्य, पोलीस आणि तुरुंगाच्या किल्ल्या देतील काय? ९ मार्च १९३२ रोजी फियाना फॉलचे काही सभासद खिशात पिस्तुले घालून सभागृहात आले होते, इतका अविश्वास होता. काहीही झाले नाही. मतमोजणी झाली, कॉसग्रेव्ह उठले आणि समोरच्या बाकांवर जाऊन बसले. सैन्य बराकीत राहिले. पोलीस नव्या मंत्र्याला सलाम करू लागले.

माझ्या मते या पक्षाचे सर्वांत मोठे काम ते हेच. ते काही दयाळू नव्हते. संपाचा हक्क त्यांनी नाकारला, पेन्शन कापली, पगार कापले. पण मतपेटीने 'जा' म्हटल्यावर ते गेले. तसे ते गेले नसते, तर टपालवाल्यांचा संपाचा हक्क राहिला बाजूलाच, युनियनच्या कचेरीला कुलूप लागले असते. १९३० नंतरच्या दहा वर्षांत युरोपातल्या किती देशांत ते लागले, ते आपणास ठाऊक आहे. विरोधकाचे हे ऋण मान्य करताना माझ्यासारख्याच्या जिवावर येते, पण हिशेब तो हिशेबच.

मात्र सत्ता सोडल्यावर लगेच याच पक्षाचा पाय घसरला. डी व्हॅलेराने इंग्लंडला जमिनीचे हप्ते देणे बंद केले, इंग्लंडने आयरिश गुरांवर जकात बसवली, आणि मोठे शेतकरी बुडू लागले. त्यांच्या संतापाच्या लाटेवर निळ्या सदऱ्यांची एक संघटना उभी राहिली. इटलीत काळे सदरे, जर्मनीत तपकिरी, इथे निळे! तिचा पुढारी इऑन ओ'डफी हा आदल्या सरकारचा पोलीसप्रमुख. ८ सप्टेंबर १९३३ रोजी कुमन ना गेल, शेतकऱ्यांचा मध्यम पक्ष आणि ही निळी संघटना एकत्र होऊन 'फिना गेल' पक्ष जन्माला आला आणि अध्यक्ष कोण, तर ओ'डफी, जो डॉलचा सभासदही नव्हता. लोकशाहीची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झालेल्या माणसांना ही कुबुद्धी सुचावी! एका वर्षाच्या आतबाहेर त्यांची चूक त्यांना कळली. सप्टेंबर १९३४ मध्ये ओ'डफी गेला. पुढे १९३६ मध्ये तो फ्रँकोच्या मदतीला सुमारे सातशे माणसे घेऊन स्पेनला गेला. कॉसग्रेव्ह पुन्हा नेते झाले. परंतु 'निळे सदरे' ही शिवी त्या पक्षाला कायमची चिकटली.

सोळा वर्षे विरोधात काढून पक्ष झिजत गेला. १९४८ मध्ये त्याच्या ३१ जागा राहिल्या. आणि गंमत पाहा, त्याच वर्षी तो सत्तेवर आला. डी व्हॅलेराला हटवण्यासाठी पाच पक्ष आणि काही अपक्ष एक झाले. फिना गेलचे नेते रिचर्ड मलकाही हे यादवीत सेनापती होते. ते पंतप्रधान झालेले शॉन मॅकब्राइडच्या प्रजासत्ताकवाद्यांना चालणार नव्हते. ७७ मृत्युदंड कोणी विसरले नव्हते. मलकाही बाजूला झाले आणि जॉन कॉस्टेलो या वकिलाला त्यांनी पुढे केले. उपपंतप्रधान झाला मजूर पक्षाचा विल्यम नॉर्टन. हा नॉर्टन कोण? टपाल कामगारांच्या युनियनचा चिटणीस! १९२२ मध्ये ज्यांच्यावर सैनिक सोडले, त्यांचा प्रतिनिधी २६ वर्षांनी त्याच पक्षाच्या मांडीला मांडी लावून बसला.

या सरकारने देश प्रजासत्ताक केला. तहवाद्यांनीच तहाचा शेवटचा धागा तोडला. कॉस्टेलोंनी ती घोषणा सप्टेंबर १९४८ मध्ये कॅनडात केली आणि १८ एप्रिल १९४९ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, ती अमलात आली. आयर्लंड राष्ट्रकुलातून बाहेर पडला. त्यानंतर चारच दिवसांनी लंडनला राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांची परिषद भरली आणि तीत नेहरूंनी प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहण्याची वाट काढली. एका प्रश्नाची दोन उत्तरे एकाच महिन्यात! पण याच कॉस्टेलोंनी १९५१ मध्ये मान खाली घातली. आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांनी आया व मुले यांना मोफत उपचार देण्याची योजना आणली. डॉक्टरांनी विरोध केला, बिशपांनी विरोध केला, आणि सरकारने ब्राउनना एकटे सोडले. त्यांना राजीनामा द्यावा लागला. इंग्रज राजाला न जुमानणारे बिशपांपुढे हात जोडून उभे राहिले, आणि मजूर पक्षाचे मंत्रीही गप्प बसले, हे मी येथे लपवत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९६५ च्या सुमारास कॉस्टेलोंचे चिरंजीव डेक्लन यांनी 'न्याय्य समाजा'चा कार्यक्रम मांडून पक्षाला गरिबाकडे तोंड करायला लावले. १९७३ मध्ये जुन्या कॉसग्रेव्हांचे चिरंजीव लियम पंतप्रधान झाले, पुन्हा मजूर पक्षाच्या साथीने. हे गृहस्थ असे, की संततिनियमनाच्या साधनांविषयी स्वतःच्याच सरकारने आणलेल्या विधेयकाविरुद्ध १९७४ मध्ये त्यांनी मत दिले! त्यांच्यानंतरचे गॅरेट फिट्झजेरल्ड हे विद्वान, उदार; १९८५ मध्ये थॅचरबाईंशी उत्तर आयर्लंडविषयी करार करून डब्लिन सरकारला तेथल्या कारभारात बोलण्याची जागा त्यांनी मिळवून दिली. पण त्यांचे पहिले सरकार पडले ते मुलांच्या बुटांवर. जानेवारी १९८२ च्या अंदाजपत्रकात मुलांच्या कपड्यांवर व पादत्राणांवर कर होता. सूट द्यावी तर लहान पायाच्या बायका मुलांचे बूट घेऊन कर चुकवतील, अशी सबब पुढे आली. लिमरिकचे जिम केमी हे अपक्ष सभासद पेशाने दगडी काम करणारे गवंडी आणि युनियनचे कार्यकर्ते. त्यांनी विरुद्ध मत दिले आणि ८२ विरुद्ध ८१ मतांनी सरकार गेले. गवंड्याला मुलांच्या बुटाची किंमत कोणी शिकवावी लागत नाही.

फियाना फॉलच्या राजवटीत बँका बुडाल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये ८५ अब्ज युरोच्या मदतीसाठी देशाला हात पसरावा लागला. लोकांनी फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस फिना गेलला ७६ जागांसह सत्तेवर बसवले, मजूर पक्षाला ३७ जागा दिल्या. दोघे मिळून काटकसरीचा गाडा ओढू लागले. आदल्या सरकारने कापलेले किमान वेतन त्यांनी त्याच वर्षी परत ८ युरो ६५ सेंट केले, हे खरे. पण पाणीपट्टी, कर आणि कपात यांनी लोक रस्त्यावर आले. २०१६ मध्ये फिना गेल ५० वर उतरला. मजूर पक्ष? ३७ वरून ७! काटकसर दोघांनी केली, शिक्षा धाकट्या भावाला अधिक झाली. श्रीमंत मतदार फिना गेलला काटकसरीबद्दल क्षमा करतो, किंबहुना त्याचसाठी निवडून देतो; मजूर पक्षाला त्याचा मतदार अशी क्षमा करीत नाही, आणि का करावी?

२०१७ मध्ये या पक्षाने लिओ वराडकर यांना पंतप्रधान केले, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटण्याची वेळ आली. त्यांचे वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. डिसेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान असताना ते गावी येऊन गेले. कोकणी माणसाला अभिमान वाटावा यात नवल नाही. तथापि नाव वराडकर असले तरी धोरण फिना गेलचेच होते, हे आपण विसरू नये. त्यांच्याच कारकिर्दीत २०१८ च्या सार्वमतात गर्भपातावरील घटनात्मक बंदी उठली. बिशपांपुढे वाकणारा १९५१ चा तो पक्ष येथवर चालत आला होता.

जून २०२० मध्ये फिना गेल आणि फियाना फॉल प्रथमच एका मंत्रिमंडळात बसले. सोबतीला पर्यावरणवादी पक्ष होता. १७ डिसेंबर २०२२ रोजी फियाना फॉलच्या मायकेल मार्टिन यांनी ठरल्याप्रमाणे पंतप्रधानपद वराडकरांकडे सोपवले. त्या तुरुंगातल्या चौघांना गोळ्या घातल्या, त्याला तेव्हा शंभर वर्षे आणि नऊ दिवस झाले होते. एप्रिल २०२४ मध्ये वराडकरांच्या जागी सायमन हॅरिस आले. त्याच नोव्हेंबरच्या निवडणुकीत फियाना फॉलला ४८, सिन फेनला ३९ आणि फिना गेलला ३८ जागा मिळाल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये जुने दोन वैरी काही अपक्षांना घेऊन पुन्हा सत्तेवर आले. मजूर पक्षालाही त्यांनी विचारून पाहिले होते. त्या पक्षाने या वेळी नाही म्हटले, आणि त्याचे अकरा सभासद विरोधी बाकांवर जाऊन बसले.